पान्याची जागा

कॉफीच्या यंत्राशेजारी, काचेत,
आमचं सुरक्षा धोरण टांगलंय.
खाली माझी सही. निळी, ऐटदार,
शेवटच्या अक्षराला विमानासारखं शेपूट.
नियमांच्या भाषेत मी ‘जबाबदार व्यवस्थापक’.
म्हणजे काय रे, आई विचारायची.
मी सांगायचो, काही झालं तर मला धरतात.
‘आणि काही झालंच नाही तर?’
मी तिला पगाराचा आकडा सांगायचो.

मी हिशेबातून आलेला माणूस.
पंखाखाली उभा राहिलो तो फोटोपुरता.
पहिल्याच वर्षी कुणीतरी लिहून कळवलं,
चाकापाशी तेल झिरपतंय, विमान थांबवलंय.
मी फोन करून एवढंच विचारलं,
‘अजून किती वेळ?’
आवाजसुद्धा चढवला नव्हता.
त्या तिमाहीत अशा चिठ्ठ्या निम्म्या झाल्या,
पुढच्या तिमाहीत शून्य.
आम्ही शून्याचा केक कापला,
पार्ल्याहून मागवलेला, बिनअंड्याचा.

अनघा पाणंदीकर, सुरक्षा विभाग,
केकला हात न लावता म्हणाली,
‘सर, घारी तेवढ्याच आहेत.
जरीमरीच्या पत्र्यांवरून पतंग येतातच.
मिठी अजून धावपट्टीखालूनच वाहते.
कमी झालंय ते फक्त लिहिणं.’
मी म्हणालो, बघू.
तो शब्द मला वर्षभर पुरला.

मग जानेवारीतली ती पाळी.
हँगरच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची
काळी आकृती रंगवलेली असते;
हत्यार नेलं की आकृती उघडी पडते.
पहाटे सव्वातीनला रेमंड तुस्कानोनं मोजणी केली.
वसईचा, बावीस वर्षं नोकरी, चष्मा दोरीला बांधलेला.
सात बाय सोळाच्या पान्याची जागा रिकामी.
विमान तोवर निघालेलं, धावपट्टीच्या तोंडाशी,
पोटात एकशे एकाहत्तर माणसं, बरीचशी झोपेत.
गप्प राहता आलं असतं.
तसाच पाना कुर्ल्यात साडेचारशेला मिळतो.
त्यानं फोन उचलला
आणि आधी स्वतःचं नाव सांगितलं.

विमान मागे फिरलं.
झाकणं उघडली, बॅटऱ्या फिरल्या, चार तास गेले.
पाना सापडला ट्रॉलीत,
चहाच्या थर्मासखाली.

सकाळच्या बैठकीत आकडा आला, अठरा लाख.
कुणी म्हणालं मेमो.
कुणी म्हणालं, निदान समज तरी.
सगळे माझ्या पेनाकडे बघत होते.
‘किती’ हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता,
सवयीचा, घरच्या कुत्र्यासारखा.
तो गिळून मी विचारलं, तुस्कानो घरी पोचला का?
कुणालाच माहीत नव्हतं.
अनघा बाहेर जाऊन फोन करून आली.
विरारपर्यंत झोपला होता, एक स्टेशन मागे यावं लागलं.

त्या रात्री हँगरवर गेलो.
तो हात पुसत उभा राहिला,
चेहरा आधीच शिक्षा भोगून आलेला.
मी म्हणालो, थँक यू. मराठीत जमलं नाही.
‘पण साहेब, पाना तर ट्रॉलीतच होता.’
तुम्हाला कुठे माहीत होतं, मी म्हणालो,
आणि पाना घेऊन
त्या काळ्या आकृतीवर टांगला.
‘उलटा, साहेब,’ तो म्हणाला.

आता महिन्यातून दोनदा तरी जातो.
कधी नुसताच उभा राहतो, लोकांच्या मध्ये येतो.
गेल्या महिन्यात पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या.
टग ट्रॅक्टरचा डावा दिवा.
सलग नववी रात्रपाळी, नाव लिहिलेलं नाही.
शिडीचं तिसरं पाऊल.
आणि तळाशी एक, चौकोनी वहीच्या कागदावर:
‘साहेब रात्री येतात ते बरंच आहे.
पण गाडी लावतात
ती आगीच्या नळासमोर.’

खाली जाऊन गाडी हलवली.
वर येऊन त्या चिठ्ठीवर सही केली,
या खेपेला शेपूट न काढता.